नोटीस न देता गेलेल्याचं काम कोण करतं?

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, ‘बेज बुक’ नावाचा अहवाल एरवी मालाची मागणी, किमती, पगारवाढ अशा गोष्टी टिपतो. डिसेंबर २०१८ च्या अहवालात मात्र शिकागो विभागातल्या मालकांची एक वेगळीच तक्रार नोंदली गेली. माणसं अचानक कामावर यायची बंद होतात आणि नंतर त्यांच्याशी कुठल्याच मार्गाने संपर्क होत नाही, अशी ती तक्रार होती. राजीनामा नाही, फोन नाही, निरोप नाही. त्या काळात तिथे बेरोजगारी खूप खाली आलेली होती आणि दुसरी नोकरी पटकन मिळत होती. त्यामुळे सोपा निष्कर्ष लगेच निघाला: गरज सरली की लोकांची जबाबदारीची जाणीवही सरते.

हाच निष्कर्ष आज जगभरातल्या एचआर विभागांत ऐकू येतो. त्यावर उपाय म्हणूनही तेच ते सुचवलं जातं. नोटीस पिरियड वाढवा, कागदपत्रं अडकवून ठेवा, शेवटचा पगार रोखा, दुसरीकडे नोकरी मिळताना शेरा खराब द्या. मला हे निदानही अपुरं वाटतं आणि उपाय तर रोग वाढवणारा वाटतो. पण त्याचबरोबर, ‘कंपनीने कुठे माझा विचार केला, मग मी का करू’ असं म्हणून एका सकाळी फोन बंद करणाऱ्यांची बाजूही मला घेता येत नाही. नोटीस न देता जाण्याचा भुर्दंड मालकाला क्वचितच पडतो. तो पडतो शेजारच्या टेबलावरच्या माणसावर, आणि या वादात नेमकं त्याचंच नाव कोणी काढत नाही.

काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या उशाशी मी रुग्णालयात रात्रभर बसले होते. सकाळी सिस्टरांची पाळी बदलायची वेळ झाली. रात्रपाळीच्या सिस्टरांनी सगळ्या नोंदी पूर्ण करून ठेवल्या होत्या, केस पुन्हा बांधले होते, पर्स काउंटरवर आणून ठेवली होती. सकाळच्या पाळीची सिस्टर आली नाही. फोन लावला तर बंद. अर्ध्या तासाने इन्चार्ज सिस्टर येऊन म्हणाल्या, “ती बहुतेक आता यायची नाही. तू जरा थांब, मी दुसऱ्या वॉर्डातून कोणी मिळतं का बघते.” तो ‘जरा’ दुपारपर्यंत लांबला. तेवढ्या वेळात त्या सिस्टरांनी शेजारणीला फोन करून मुलाला शाळेत सोडायला सांगितलं, सकाळची सगळी औषधं दिली, ड्रेसिंगं केली. माझ्या नातेवाइकाला इंजेक्शन देण्याआधी त्यांनी केसपेपरवरचा डोस वाचला, थांबल्या, परत वाचला आणि मग मला म्हणाल्या, “ताई, हे एकदा तुम्हीही वाचून बघता का? डोळ्यांवर भरवसा नाही उरला आता.”

मी चिडून त्या न आलेल्या सिस्टरबद्दल काहीतरी बोलले. त्यावर त्या म्हणाल्या, “तिला तीन महिन्यांची नोटीस सांगितली होती. नवीन ठिकाणी पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. तिची मूळ सर्टिफिकेटं यांच्याकडेच पडलीयत, ती सोडून गेली. तिचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. पण काल रात्री मला एक मेसेज टाकला असता तर मी मुलाची सोय केली असती.”

या प्रश्नावर मी नंतर जे काही वाचलं, ऐकलं, ते त्यांच्या त्या शेवटच्या दोन वाक्यांपुढे फारसं गेलेलं नाही.

रुग्णालयात चूक जिवावर बेतू शकते म्हणून हे उदाहरण ठळक दिसतं. पण हिशेबाच्या खात्यातही तेच होतं. महिनाअखेर आलेली असते, पगाराची फाईल बँकेत चढवायची असते, आणि ती कशी चढवायची हे ठाऊक असलेला एकच माणूस असतो. तो सोमवारी येत नाही. मग बाकीचे दोघं रात्री उशिरापर्यंत बसून जुन्या ईमेल चाळतात, बँकेच्या हेल्पलाइनवर ताटकळतात आणि दुसऱ्या दिवशी पगार का झाला नाही म्हणून सहकाऱ्यांच्या शिव्या खातात. मालकाला यातलं काय कळतं? ‘थोडी अडचण झाली होती, मुलांनी निभावून नेली’ एवढंच. गेलेल्या माणसाला ज्या मालकाला धडा शिकवायचा होता, त्याच्यापर्यंत तो धडा पोहोचतच नाही. तो वाटेतच कुणाच्या तरी झोपेतून, रजेतून, घरच्या वेळेतून वसूल होतो.

‘कंपनी मला एका मिनिटात काढते, मग मी एका मिनिटात का जाऊ नये’ हा प्रश्न तरीही झटकून टाकण्यासारखा नाही. १७ मार्च २०२२ रोजी ब्रिटनमधल्या पी अँड ओ फेरीज या कंपनीने जवळपास आठशे खलाशांना आधी रेकॉर्ड करून ठेवलेला व्हिडिओ दाखवून त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढे संसदीय समितीसमोर कंपनीच्या प्रमुखाने कबूलही केलं की युनियनशी सल्लामसलत करणं कायद्याने बंधनकारक होतं आणि आम्ही ती न करण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेत तर बहुतेक खासगी नोकऱ्यांत दोन्ही बाजूंना केव्हाही, कारण न देता संबंध तोडायची मुभा आहे. मोठ्या कपातीआधी साठ दिवसांची सूचना द्यायला लावणारा १९८८ चा कायदा तिथे आहे, पण तो मुख्यतः शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता. जिथे माणसाला दुपारी लॉगिन बंद झाल्यावरच आपली नोकरी गेल्याचं कळतं, तिथे ‘निष्ठा’ या नावाखाली त्याच्याकडून महिनाभराची आगाऊ सूचना मागणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणते.

पण या युक्तिवादात पत्ता चुकतो. कंपनीने केलेल्या अन्यायाची परतफेड कंपनीला होत असेल तर तिचा विचार करता येईल. इथे ती होते त्या सिस्टरांना, ज्यांनी कोणालाच काढलेलं नव्हतं.

मालकांच्या हातातली जुनी हत्यारं काय होती तेही इथे आठवायला हवं, कारण ‘नोटीस सक्तीची करा’ म्हणणाऱ्यांना ती बहुधा माहीत नसतात. काम सोडून जाणं हा एकेकाळी गुन्हा होता. ब्रिटनमध्ये १८२३ च्या ‘मास्टर अँड सर्व्हंट’ कायद्याखाली मुदतीआधी काम सोडणाऱ्या कामगाराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत असे. मालकाने करार मोडला तर ती मात्र निव्वळ दिवाणी बाब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड आणि वेल्समध्ये असे खटले वर्षाला दहा हजारांच्या घरात होते. १८७५ मध्ये ही फौजदारी शिक्षा गेली. हिंदुस्थानात १८५९ चा ‘वर्कमन्स ब्रीच ऑफ काँट्रॅक्ट’ कायदा होता. उचल घेऊन काम सोडलेल्या मजुराला मॅजिस्ट्रेट पैसे फेडायला किंवा कामावर परत जायला सांगे, आणि न ऐकल्यास तुरुंगात धाडू शके. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडावं लागलं.

यातलं सर्वात बोलकं प्रकरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचं आहे. तिथल्या कायद्यानुसार आगाऊ पैसे घेऊन करार पुरा न करता काम सोडलं, तर मुळात फसवायचाच हेतू होता असं धरलं जाई. तसा हेतू नव्हता, हे सांगायला आरोपीला स्वतःची साक्षही देता येत नसे. अलोन्झो बेली या कृष्णवर्णीय शेतमजुराने वर्षभराच्या करारावर पंधरा डॉलर उचल घेतली, एक महिना आणि वर काही दिवस काम केलं आणि तो निघून गेला. त्याला दंड झाला, आणि दंड न भरल्यास १३६ दिवसांची सक्तमजुरी. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. गुलामगिरीवर बंदी घालणारी घटनादुरुस्ती असताना कर्जाच्या नावाखाली माणसाला कामाशी जखडता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

इंग्लंडच्या न्यायालयाने १८५२ मध्येच योहाना वाग्नर या गायिकेच्या खटल्यात हा तिढा ओळखला होता. तिने एका थिएटरशी करार करून दुसऱ्याकडे गायचं ठरवलं. न्यायालयाने तिला दुसरीकडे गाण्यापासून रोखलं, पण पहिल्या ठिकाणी गायला लावणं आपल्या हातात नाही हेही मान्य केलं. भारताच्या १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याचीही भूमिका साधारण तीच: वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. ही कायद्याची पळवाट नव्हे. शंभर-दीडशे वर्षांच्या जुलमातून शिकून कायद्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली ही जागा आहे, आणि ती मोकळीच राहिली पाहिजे. जाणाऱ्याचा रस्ता अडवणारा कुठलाही नियम शेवटी त्या अलाबामाच्या दिशेने सरकतो. मूळ सर्टिफिकेट अडकवणं, अनुभवाचा दाखला न देणं, कमावलेला पगार दाबून ठेवणं हे त्याच रस्त्यावरचे टप्पे आहेत, तुरुंग नसला तरी.

सक्ती नको असेल तर माणूस आपणहून नोटीस केव्हा देतो, हे पाहायला हवं. तो शेजाऱ्याचं बघतो. नोटीस दिलेल्याचं काय झालं, हे सगळं ऑफिस बघत असतं. एकीने राजीनामा दिला आणि तासाभरात तिचं ओळखपत्र काढून घेतलं. नोटिशीच्या दिवसांचा पगार बुडाला. दुसऱ्याला महिनाभर कोपऱ्यात बसवलं, मीटिंगला बोलावलं नाही, मात्र वेळेत आला नाही म्हणून मेमो दिला. तिसऱ्याचा ‘फुल अँड फायनल’ हिशेब सहा महिने रखडला, दर आठवड्याला वेगळा माणूस वेगळं कारण सांगत राहिला. हे बघणारा चौथा माणूस काय शिकतो? प्रामाणिकपणे सांगितलं तर महिनाभर छळ आणि पैसे बुडतात, गुपचूप गेलं तर फक्त पैसे बुडतात. मग तो पगार जमा होण्याची वाट बघतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण त्याने जो हिशेब मांडला तो त्याच्या व्यवस्थापनानेच त्याला शिकवलेला असतो.

भीती किती खोल असू शकते, हे जपानकडे बघून कळतं. तिथल्या नागरी संहितेनुसार मुदत न ठरलेल्या नोकरीतला माणूस दोन आठवड्यांची सूचना देऊन मोकळा होऊ शकतो. कायदा स्वच्छ आहे. तरीही गेल्या काही वर्षांत तिथे पैसे घेऊन दुसऱ्याचा राजीनामा कळवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. तुमच्या वतीने त्या साहेबांना फोन करतात आणि सांगतात, अमुक व्यक्ती उद्यापासून येणार नाही. कायद्याने दिलेला हक्क वापरायला माणसाला भाड्याने तोंड आणावं लागत असेल, तर त्या ऑफिसात राजीनामा देणाऱ्याचं आजवर काय झालं असेल याची कल्पना करता येते.

आणि नोटिशीची लांबी. ब्रिटनमध्ये महिनाभर काम केलेल्या कर्मचाऱ्याने कायद्याप्रमाणे किमान एक आठवड्याची सूचना द्यायची असते. मालकाने द्यायची सूचना मात्र नोकरीच्या वर्षांबरोबर वाढत जाते, कमाल बारा आठवड्यांपर्यंत. जर्मनीत कर्मचाऱ्यासाठी मूळ नियम चार आठवड्यांचा, महिन्याच्या पंधरा तारखेला किंवा अखेरीला संपणारा. मालकासाठी वीस वर्षांच्या नोकरीनंतर ती मुदत सात महिने होते. या दोन्हींमागचा विचार मला पटतो. नोकरी जाणाऱ्याला सावरायला जितका वेळ लागतो, तितका कंपनीला रिकामी खुर्ची भरायला लागत नाही, म्हणून ओझं सारखं नसावं. करारांमधून सर्रास उलटं घडतं. कनिष्ठ जागेवरच्या माणसाकडूनही तीन महिने लिहून घेतात, आणि स्वतःसाठी ‘तत्काळ’ हा पर्याय कुठल्या तरी कलमात राखून ठेवतात.

यात एक गोष्ट मला विशेष खटकते. जी कंपनी जाणाऱ्याकडून नव्वद दिवस मागते, तीच नवा माणूस घेताना जाहिरातीत लिहिते: ‘लगेच रुजू होऊ शकणाऱ्यांना प्राधान्य’. मुलाखतीत विचारते, पंधरा दिवसांत येता येईल का? उमेदवार म्हणतो, तीन महिन्यांची नोटीस आहे. पलीकडून उत्तर येतं, बघा काही जमतंय का, नाहीतर आमच्याकडे दुसरा उमेदवार आहे. म्हणजे आपल्याकडून माणूस पळाला की तो बेइमान, आणि दुसऱ्याकडून पळून आपल्याकडे आला की तत्पर. ज्या एचआर अधिकाऱ्यांना हा प्रश्न मनापासून सोडवायचा आहे, त्यांनी स्वतःच्या जाहिरातीतली ती ओळ आधी खोडावी. उमेदवार म्हणाला की मला जुन्या ठिकाणी नीट हँडओव्हर करून यायचंय, तर त्याला वाट बघण्याची तयारी दाखवावी. तीच त्याची खरी परीक्षा आहे, आणि तो ती पास झालेला आहे.

नोटीस न देता जाणं सरळसरळ योग्य ठरतं, असेही प्रसंग आहेत, आणि ते अपवाद म्हणून कुजबुजत सांगायची गरज नाही. महिनोन्महिने पगार मिळत नाही. साहेब अंगचटीला येतो आणि तक्रार करायची तर त्याच्याकडेच करायची. खोट्या कागदावर सही करायला लावतात. यंत्राचं सुरक्षा कवच काढून काम करायला सांगतात. अशा जागी एक दिवसही थांबण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. जर्मन कायद्यात ‘महत्त्वाचं कारण’ असेल तर दोन्ही बाजूंना सूचनेविना करार संपवता येतो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात तर हे आणखी माणुसकीने मांडलंय. जहाजावरच्या खलाशासाठी सूचनेची किमान मुदत सात दिवसांहून कमी ठेवता येत नाही. पण घरच्या दुःखद किंवा तातडीच्या कारणासाठी त्याला कमी मुदतीत किंवा सूचनेविनाही, दंड न होता, करार सोडायची गरज पडू शकते, हे देशांनी लक्षात घ्यायचं आहे. भर समुद्रात बदली माणूस मिळत नाही. तिथेही ही सोय मान्य करता येत असेल, तर चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात ती मान्य करायला काय हरकत आहे?

मग सर्वसाधारण परिस्थितीत जाणाऱ्याने किमान काय द्यायचं? इथे मला परिचारिकांच्या व्यवसायातला एक भेद उपयोगी वाटतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांची नर्सिंग बोर्डं असं मानतात की रुग्णांची जबाबदारी स्वीकारल्यावर ती दुसऱ्याकडे न सोपवता निघून जाणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं, आणि त्यासाठी परवान्यावर कारवाई होऊ शकते. पण पाळी पूर्ण करून, रुग्ण सोपवून, सूचना न देता नोकरी सोडणं हा नोकरीचा वाद आहे. तो मालकाशी बघून घ्यावा. जबाबदारी माणसांची, हातातल्या कामाची. कंपनीच्या सोयीची नव्हे. हीच रेघ इतर कामांतही ओढता येईल. अर्धवट काम कुठे आहे, कोणाचा फोन यायचा आहे, कुठली तारीख चुकली तर नुकसान होईल, कुठली किल्ली कोणाकडे आहे, एवढं एका पानावर लिहून सहकाऱ्याच्या हाती देणं. तीन महिने द्यायची ताकद नसेल, पंधरा दिवसही नसतील, तरी हे एक पान आदल्या रात्री लिहिता येतं. मालकाला कळवायची भीती वाटत असेल तर सहकाऱ्याला कळवा. तिला तिच्या मुलाची सोय करू द्या. इतकंही न करता जो जातो, आणि ज्याच्यावर कुठलाही जुलूम झालेला नसतो, त्याच्या वागण्याला मी चूकच म्हणेन. कंपनी कितीही वाईट असली तरी.

आता व्यवस्थापनाकडे एक मागणी, जी कामगारांच्या बाजूनेही फारशी कोणी करत नाही. माणूस अचानक गेला की त्या दिवसापासून त्याचा पगार वाचतो. नवा माणूस यायला महिना, दोन महिने लागतात. तोवर त्याचं काम दोघा-तिघांत वाटलेलं असतं, आणि वाचलेला पगार मुकाट्याने कंपनीच्या खात्यात राहतो. म्हणजे ज्या घटनेबद्दल कंपनी सर्वात मोठ्याने तक्रार करते, तिच्यातून तिची बचत होत असते आणि राबतात ते बाकीचे. जागा भरायची घाई तिला मग कशाला होईल? कित्येकदा ती जागा भरलीच जात नाही, कारण ‘तुम्ही तर छान सांभाळलंत’. पुढचा राजीनामा तिथेच पिकायला लागतो, आणि तोही बहुधा नोटिशीविना येतो.

म्हणून माझं म्हणणं असं की रिकाम्या जागेचा पगार, ती भरेपर्यंत, ते काम प्रत्यक्ष करणाऱ्यांत वाटला जावा. आणि कोणावर किती काम आलं, किती दिवसांसाठी आलं, हे पहिल्याच दिवशी लेखी द्यावं. त्या वॉर्डातल्या सिस्टरांना दुपारी सुटी मिळाली तेव्हा इन्चार्ज त्यांना म्हणाल्या होत्या, “आज संध्याकाळी परत वेळेवर ये हं, आपल्याकडे माणूस कमी आहे.” ओव्हरटाइमचा कागद त्यांनी मागितला. तो कोणाकडे असतो, हे इन्चार्जनाही माहीत नव्हतं.